अण्णांना मी सांगून टाकलं, सुवर्णा

सुवर्णा, आधी भांडणाचं बोलून घेऊ, म्हणजे मग मी रडायला मोकळी. तुझ्या अण्णांना मी सांगून टाकलं. तू सिडनीच्या कुठल्याही हॉस्पिटलात हिशेब बघत नव्हतीस, हॉस्पिटलांच्या चादरी धुणाऱ्या लॉन्ड्रीत कामाला होतीस, हे त्यांना आता ठाऊक आहे. आणि तेही मी कानात हळूच सांगितलेलं नाही. तुझ्या फ्युनरलला, भर चॅपलमध्ये, शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. तू असतीस तर माझ्याशी महिनाभर अबोला धरला असतास. आता तशीही बोलणार नाहीस, तेव्हा मीच बोलते.

आपण दोघी एकाच सेमिस्टरला आलो. त्या वर्षांत पुण्यात जिकडेतिकडे ऑस्ट्रेलियाला पाठवणाऱ्या एजंटांचे बोर्ड लागले होते. इचलकरंजीतही लागले होते, हे मला तुझ्याकडून कळलं. अकाउंटिंगचं मास्टर्स केलं की पीआर, म्हणजे इथे कायमचं राहायची परवानगी मिळते, असं जो तो सांगायचा. त्यामुळे ज्यांना आकडे आवडायचे तेही अकाउंटिंग करत होते आणि ज्यांना आकड्यांची ॲलर्जी होती तेही. सिडनीत हॅरिस पार्कच्या त्या फ्लॅटचं दार मी उघडलं, तर समोर दोन बॅगा आणि त्यांच्यामध्ये तू. "मी सुवर्णा. आजपासून हितंच राहतो मी." कोल्हापूरकडच्या बायका 'मी येतो, मी जातो' म्हणतात हे मला माहीत होतं, पण प्रत्यक्ष ऐकत होते पहिल्यांदा. मला हसू आलं. तू बॅग खाली ठेवलीस आणि म्हणालीस, "हसून घे. मग भांड्यांच्या पाळ्या ठरवू." मला तू त्या क्षणी आवडली नाहीस. आवडायला बरेच दिवस लागले, आणि त्याचं श्रेय मी तुझ्या हातच्या पिठल्याला देते, तुझ्या स्वभावाला नाही.

मग तुला लॉन्ड्रीत काम लागलं. आपल्याकडे लॉन्ड्री म्हटलं की कोपऱ्यावरचं इस्त्रीचं दुकान. ही भलतीच मोठी. एका दारातून हॉस्पिटलांच्या मळक्या चादरींचे ट्रक आत यायचे, दुसऱ्या दारातून धुऊन, इस्त्री करून, घड्या घातलेल्या चादरी बाहेर पडायच्या. मधल्या सगळ्या वाफेत आणि आवाजात तुम्ही बायका. तू पहिल्या दिवशी परत आलीस ती खुशीत. "आवाज आमच्या गल्लीसारखा आहे," म्हणालीस. तुमच्या गल्लीत रात्रंदिवस यंत्रमाग चालायचे आणि अण्णांनी सगळी नोकरी त्या मागांपुढे उभं राहून काढली, हे तू तेव्हा सांगितलंस.

आणि लगेच तू तो घोळ घातलास, जो आपल्याकडून आलेलं माणूसच घालू शकतं. तिथे सकाळच्या चहाच्या सुट्टीला स्मोको म्हणतात. भोंगा वाजला की सगळ्या बायका हातातली चादर अर्धवट टाकून बाहेरच्या बाकांवर जायच्या. तू जायची नाहीस. तू एकटी घड्या घालत राहायचीस. सुपरवायझर जवळून गेला की "येस सर", आणि शिफ्ट संपली तरी तो निघाल्याशिवाय तू निघायची नाहीस. साहेब उठल्याशिवाय आपण उठायचं नाही, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. तुला वाटायचं, त्या बायका आता म्हणतील, काय मेहनती पोरगी आहे. त्या बायका तुझ्याशी बोलेनाशा झाल्या. तू आत गेलीस की लॉकररूम गप्प. त्या दिवसांत आपल्या पोरांना मारहाण झाल्याच्या बातम्याही रोजच्याच होत्या. तू म्हणालीस, "रंग बघून तोंड फिरवतात." मी म्हटलं, दुसरं काय असणार.

दुसरंच होतं. एके दिवशी शॅरन आत आली. तिथली सगळ्यात जुनी कामगार, आवाजाने आणि बांध्यानेही दणकट. तिने तुझ्या हातातली चादर काढून घेतली. "सिट डाउन, लव्ह." तू म्हणालीस, मी दमलेली नाही. तेव्हा तिने तुला समोर बसवून समजावलं. सुट्टीत तू करतेस ते फुकटचं काम आहे. आज तू आपणहून करतेस, उद्या ते आमच्याकडून मागून घेतील. ही सुट्टी आमच्या आयांनी भांडून मिळवलेली आहे, ती तू अशी वाटून टाकू नकोस.

त्या दिवशी घरी येऊन तू ओट्याला टेकून हसत सुटलीस. "मेधा, मला वाटत होतं मी भारताचं नाव काढतोय. आणि मी त्या बायकांचा चहा घालवत होतो." दुसऱ्या दिवसापासून तू बाकावर जाऊन बसलीस, लसूण घातलेल्या भडंगाचा डबा घेऊन. त्या डब्याने पुढचं काम केलं. शॅरनला भडंगाचं इतकं वेड लागलं, की तू सुट्टीवर गेलीस की ती मला फोन करायची. मला भडंग करता येत नाही हे कळल्यावर तिच्या मनातून मी जी उतरले, ती अजून चढलेली नाही.

आता त्या मशीनचं. यावर आपण जेवढ्या भांडलो तेवढ्या कशावरच नाही. चादरींना इस्त्री करणाऱ्या त्या लांबलचक मशीनच्या तोंडाशी एक आडवा दांडा असतो. हात चुकून पुढे गेला की दांड्याला लागतो आणि मशीन थांबतं. तो दांडा बिघडला होता, उगाचच मशीन थांबवत होता, म्हणून सुपरवायझरने तो तारेने बांधून टाकला. चादरी लावायला उभी होती एक नेपाळी मुलगी, नुकतीच आलेली, तुझ्यासारखीच सरांना येस म्हणणारी. तू सांगून बघितलंस. पुन्हा सांगितलंस. मग तू सरळ गेलीस आणि लाल बटण दाबलंस. "दांडा दुरुस्त झाल्याशिवाय हे चालू होणार नाही." सुपरवायझर म्हणाला, तू कोण? तेव्हा तू काय म्हणालीस ते तू मला कधी नीट सांगितलं नाहीस. पण शॅरन आपल्या जागेवर खाली बसली. मग तिच्या शेजारची. मग सगळ्याजणी, एकेक करत, चादरींच्या ढिगांवर बसल्या.

मी तुझ्यावर केवढी ओरडले होते. आपल्या दोघींच्या पीआरच्या फायली तेव्हा सरकारदरबारी पडून होत्या. मालकाने मनात डूख धरला असता, कुणाला काही कळवलं असतं, तर तू इचलकरंजीला आणि तुझं मास्टर्स कपाटात. मी म्हटलं, बटण शॅरनने दाबायचं, तिला कुणी देशाबाहेर घालवणार नाहीये. तुला कुणी सांगितलं होतं पुढे व्हायला? तू कणीक मळत होतीस. मान वर न करता म्हणालीस, "शॅरन लांब होती. मी जवळ होतो."

हे उत्तर झालं? मी तेव्हाही म्हटलं होतं आणि आजही म्हणते, शॅरनला हाक मारता आली असती. तुझं म्हणणं मला पटलेलं नाही. पण सुवर्णा, पटत नसलेल्या गोष्टीचा माणसाला एवढा अभिमान वाटू शकतो हे मला तुझ्यामुळे कळलं. दुसऱ्या दिवशी ऑफिसात मी शेजारच्या टेबलावरच्या बाईला विनाकारण सांगितलं, माझ्या मैत्रिणीने काल एक अख्खी फॅक्टरी बंद पाडली. ती म्हणाली, गुड ऑन हर. तुला मात्र हे बोलले नाही. आपल्यात एकमेकींना चांगलं म्हणायची पद्धतच नव्हती. तुझ्या डोक्यात हवा जाऊ नये याची काळजी मी घेत होते आणि माझ्या डोक्यात जाऊ नये याची तू.

तुझ्या पीआरला काही झालं नाही. उलट माझ्या आधी तुझी आली. मी माझ्या फर्ममध्ये तुझ्यासाठी शब्द टाकला, तू इस्त्रीचा शर्ट घालून इंटरव्ह्यूला आलीस, आणि बाहेर पडल्यावर म्हणालीस, "हितं सगळे एवढे गप्प का बसलेत? कुणी गेलंय का?" नोकरी तुला मिळाली आणि तू ती नाकारलीस. लॉन्ड्रीतच राहिलीस. पुढे शिफ्ट लीडर झालीस, कामगारांच्या बाजूने बोलायला बायकांनी तुला निवडून दिलं. दर सेमिस्टरला नवी पोरं यायची, पंजाबची, नेपाळची, आपल्याकडची. मान खाली घालून भोंग्यानंतरही राबणारी. त्यांच्या हातातली चादर काढून घेऊन तू म्हणायचीस, "सिट डाउन." त्यातले कितीतरी जण आज आपापल्या ऑफिसांत आहेत, आणि चहाच्या सुट्टीला ठसक्यात उठून जातात.

एवढं सगळं आणि अण्णांना काय सांगितलंस? हॉस्पिटलात हिशेब बघते.

तुझं कारण मला पाठ आहे. अण्णा तू शाळेत असल्यापासून म्हणायचे, माझी पोरगी मशीनपुढे उभी राहणार नाही, खुर्चीत बसून काम करेल. त्यासाठी त्यांनी मागाच्या आवाजात कान घालवले. "त्यांना कसं सांगू, मी पण उभाच आहे म्हणून?" व्हिडिओ कॉलच्या आधी तू वेंटवर्थव्हिलला माझ्या घरी येऊन कामाचा शर्ट बदलायचीस आणि माझ्या फायलींच्या कपाटापुढे खुर्ची ओढून बसायचीस. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीतही तेच सांगायचीस, कारण इथलं तिकडे पोचायला वेळ लागत नाही. मी दर वेळी म्हणायचे, सांगून टाक. तू काही चोरी करत नाहीयेस. तू म्हणायचीस, "आधी त्यांना हितं आणतो. आत नेतो. माझी माणसं दाखवतो. मग सांगतो." आईचे गुडघे, अण्णांचं ब्लडप्रेशर, कुणाचं तरी लग्न, काही ना काही निघत गेलं आणि ते येणं राहूनच गेलं.

मग तुझं दुखणं निघालं आणि त्याने फार वेळ दिला नाही. हॉस्पिटलात मी आले तर तू चादरीचा कोपरा उलटून बघत होतीस. "हे आपल्याकडचं न्हवं. दुसऱ्या लॉन्ड्रीचं. घडी बघ कशी घातलीय." मी म्हटलं, आता तरी गप्प पड. अण्णांचा व्हिसा आला होता, तिकीट काढलं होतं. तू माझा हात धरून म्हणालीस, "अण्णा आले की मी सांगतो. तू मधे बोलायचं नाहीस." मी हो म्हटलं. अण्णा विमानात असताना तू गेलीस.

एअरपोर्टवर मी त्यांना घ्यायला गेले. पांढरी टोपी, नवा स्वेटर, हातात तुझ्या आईने दिलेली पिशवी. मला बघूनच त्यांना कळलं. बराच वेळ ते तिथल्या बाकावर बसून राहिले आणि मी त्यांच्या शेजारी.

चॅपल भरलं होतं. पुढे मंडळातली आपली माणसं, मागे लॉन्ड्रीतल्या बायका, शिफ्टवरून तशाच आलेल्या. शॅरन बोलायला उठली. आता ती थकली आहे, रिटायरही झाली आहे, पण आवाज तोच. म्हणाली, सू (तुला त्या सगळ्या सूच म्हणायच्या) आमच्याकडे आली तेव्हा खाली बसायलाच तयार नव्हती. आम्हाला वाटलं, ही साहेबाची चमची. बायका ओल्या डोळ्यांनी हसल्या. अण्णा माझ्याकडे वळले. त्यांना हळू बोललेलं ऐकू येत नाही आणि आपण मोठ्याने बोलतोय हेही कळत नाही.

"काय म्हणती गं ती? हॉस्पिटलातली सायबीण हाय का?"

सुवर्णा, इथे मला नुसतं 'हो' म्हणता आलं असतं. मी शब्द दिला होता. आमच्या लगेच मागे मंडळाच्या बायका कान टवकारून बसल्या होत्या, आणि अण्णांपुढे तर मी हळू बोलूच शकत नव्हते.  तू सांगणार होतीस ते कुणीच सांगितलं नसतं, तर अण्णा एका भलत्याच सुवर्णाला निरोप देऊन परत गेले असते. खुर्चीत बसणाऱ्या, कपाटापुढच्या, जी कधी नव्हतीच.

"नाही अण्णा. सुवर्णाबरोबर लॉन्ड्रीत काम करायची ती."

"कशात?"

"लॉन्ड्रीत. सुवर्णा लॉन्ड्रीत कामाला होती. मशीनवर."

 शॅरनला मराठी कुठून कळणार, पण काय चाललंय ते कळलं. ती थांबली. मग एक वाक्य बोलायची आणि माझ्याकडे बघायची. मी अण्णांच्या कानाशी ते ओरडून मराठीत सांगायचे. मग ती पुढचं बोलायची. स्मोको सांगितला, भडंग सांगितलं. तो तारेने बांधलेला दांडा सांगितला. अण्णांनी माझं मनगट पकडलं.

"मशीन कुणी थांबिवलं?"

"सुवर्णानं."

"मालकाला न इचारता?"

"न विचारता."

"आन् बाकीच्या?"

"सगळ्या खाली बसल्या, अण्णा. दांडा दुरुस्त होईपर्यंत एकही उठली नाही. शॅरन म्हणते, ती जी नेपाळी मुलगी तिथे उभी होती, ती आज इथे आली आहे."

ती शेवटच्या रांगेत उभी राहिली. अण्णांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या हातांकडे बघितलं.  शॅरनचं बोलणं संपल्यावर ते उठून तिच्यापाशी गेले आणि त्यांनी हात जोडले. शॅरनने ते जोडलेले हात आपल्या दोन्ही हातांत धरले. मी मध्ये पडले नाही. त्यांना माझी गरज दिसत नव्हती.

गाडीत मात्र मला भीती वाटत होती. अण्णा खिडकीबाहेर बघत होते. पॅरामॅटा मागे गेलं. मी म्हटलं, अण्णा, तिला तुम्हाला फसवायचं नव्हतं. त्यांना ऐकू आलं की नाही कोण जाणे. मग ते आपलं आपणच बोलल्यासारखं बोलले.

"माझ्या शेजारच्या मागावर किसन म्हणून होता. त्याचा हात गेला. माग बिघडलाय हे आमा सगळ्यास्नी म्हाईत होतं. थांबवावं असं लै मनात यायचं पोरी. एकदाबी हात उचलला न्हाई."

मी गाडी बाजूला घेतली. ते रडले आणि मीही रडले. तिथून लोक कुत्री फिरवत जात होते, आणि एकाने वाकून "यू ओके, मेट?" विचारलं. अण्णांनी त्याला मान डोलावली.

काल सकाळी इचलकरंजीहून तात्यांचा, तुझ्या काकांचा फोन आला. अण्णांसाठी मी स्पीकर लावला. तात्या म्हणाले, चौकात श्रद्धांजलीचा फ्लेक्स लावतोय, मजकूर वाचून दाखवतो. नाव, गाव सगळं बरोबर होतं. नावाखाली 'चीफ अकाउंटंट, सिडनी' असं होतं. बढती तात्यांनी आपल्या मनानेच दिली होती.

"ते काढ," अण्णा म्हणाले.

"मग काय घालू, दादा?"

"लॉन्ड्री कामगार, सिडनी."

 तात्या समजुतीच्या सुरात म्हणाले, "दादा, चौकात लागणार हाय. समदी माणसं वाचतील."

"वाचू देत की," अण्णा म्हणाले. "अक्षर मोठं घाल. समोरच्या कारखान्यातनं, माग चालवता चालवता वाचता आलं पायजे."